गावाचे पाणी, गावाचा हिशेब : अल खौदचे धरण, ओमानचे अफलाज आणि महाराष्ट्रातील ग्रामपंचायती

मस्कत प्रांताच्या सीब विलायतीतील अल खौद हे आज सुलतान काबूस विद्यापीठाचे गाव म्हणून ओळखले जाते. जुने अल खौद मात्र वादी समाईल डोंगरातून बाहेर पडून किनारपट्टीच्या सपाटीला लागते त्या तोंडाशी वसलेले आहे. वादी म्हणजे वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असणारे आणि पाऊस झाला की काही तासांत दुथडी भरून वाहणारे नदीपात्र. मस्कत परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांतील पावसाच्या पाव हिश्शाइतका. तरीही या प्रदेशात शतकानुशतके गावे नांदली आणि खजुराच्या बागा टिकल्या. त्यामागे पाणी वाटून घेण्याची एक शिस्त होती. ती शिस्त समजून घेतली, की महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींवर आज सोपवलेली पाणीपुरवठ्याची जबाबदारी अधिक स्पष्टपणे उमगते.

अल खौदचे पुनर्भरण धरण

अल खौदच्या खालच्या अंगाला वादीवर १९८५ साली एक धरण बांधण्यात आले. त्याची लांबी सुमारे ५ किलोमीटर, उंची सुमारे ११ मीटर आणि साठवणक्षमता सुमारे १ कोटी १६ लाख घनमीटर आहे. एवढे लांब धरण असूनही त्यात बारमाही जलाशय नाही. पाणी साठवून ठेवणे हा त्याचा हेतूच नव्हे. पुराचे पाणी येथे अडते, त्यातील गाळ खाली बसतो आणि निवळलेले पाणी हळूहळू खालच्या वाळू-गोट्यांच्या थरावर सोडले जाते. तेथे ते जमिनीत मुरते. कडक उन्हाच्या प्रदेशात उघड्यावर साठवलेले पाणी बाष्पीभवनाने नाहीसे होते, जमिनीखालचे पाणी टिकते, हे साधे तत्त्व या बांधकामामागे आहे.

धरणाची गरज मुख्यतः विहिरींमुळे निर्माण झाली. बातिना किनारपट्टीवर पंप आले, शेती वाढली आणि गोड पाण्याचा उपसा पावसाने होणाऱ्या भरण्याहून अधिक झाला. भूजलाची पातळी खाली गेली की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोड होण्यास फार काळ लागतो. पुनर्भरणाने हा दाब काही अंशी परतवता येतो. परंतु धरणाच्या तळाशी साचणारा बारीक गाळ मुरण्याचा वेग कमी करतो आणि तो वेळोवेळी काढावा लागतो. उपशावर मर्यादा नसेल तर पुनर्भरणही अपुरे पडते. ओमानने १९८८ साली पाणी ही राष्ट्रीय संपत्ती असल्याचे शाही फर्मानाने जाहीर केले आणि २००० साली जलसंपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो याच अनुभवातून. आज मस्कत परिसरातील पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांतून येते. ही सोय खर्चिक आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मराठवाड्यातील गावाला तर तो मार्गच उपलब्ध नाही.

फलज : वाटणीची संस्था

विहिरी आणि धरण यांच्या कितीतरी आधीपासून ओमानची गावे फलजावर जगत होती. फलज म्हणजे झऱ्यातून, वादीच्या पात्रातून किंवा डोंगरपायथ्याच्या भूजलातून केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणलेला पाट. अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी ‘विभागणे’ हा अर्थ आहे. फलजाचे अनेकवचन अफलाज. ओमानमध्ये तीन हजारांहून अधिक अफलाज आजही वाहते आहेत. त्यांतील निझवाचा दारिस, इझ्कीचा मलकी आणि बिरकत अल मौझचा खतमीन यांसह पाच अफलाजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

फलजाच्या रचनेत पाण्याच्या वापराचा क्रम पाटाच्या मार्गातच बांधलेला असतो. पाट गावात शिरतो त्या पहिल्या ठिकाणी पिण्याचे पाणी भरले जाते. तेथे कोणालाही पाणी भरण्याची मुभा असते आणि त्याच्या वरच्या बाजूस धुणे वा आंघोळ करता येत नाही. त्यानंतर मशिदीचा व स्नानाचा उपयोग, त्यानंतर खजुराच्या बागा आणि शेवटी हंगामी पिकांची शेते. पाणी घटले की सर्वप्रथम हंगामी पीक आखडले जाते. फळझाडे शक्यतो जगवली जातात आणि पिण्याच्या पाण्याला हात लागत नाही.

बागांचे पाणी वेळेने मोजले जाते. ‘अथर’ हे साधारण अर्ध्या तासाचे माप अनेक ठिकाणी रूढ आहे. दिवसा उन्हातील काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उदयास्तावरून पाळ्या ठरत. कारभार पाहणारा वकील, पाळ्या लावणारा अरीफ आणि जमाखर्च ठेवणारा कोषपाल अशी माणसे गाव नेमते. पाण्याचे काही हिस्से खुद्द फलजाच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून पाटाची डागडुजी होते. म्हणजे देखभालीचा खर्च पाण्याच्याच हिशेबात आधीपासून धरलेला असतो.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. शेतीच्या पाण्याचे हिस्से वारसाने मिळत, विकले जात आणि ज्याच्याकडे हिस्सा नाही त्याला पाणी विकत घ्यावे लागे. तरीही पाणी किती आहे, ते कोणाचे आहे आणि पाट दुरुस्त करण्याचे पैसे कोठून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे गावातील जाणत्या माणसाला ठाऊक असत.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर चालत आलेली फड पद्धत तीच होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. प्रत्येक फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड कोरडे ठेवायचे, असा निर्णय लाभधारक मिळून घेत. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असे. अल खौदच्या आसपासच्या गावातील अरीफ आणि पांझरेकाठचा पाटकरी यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण काम लगेच ओळखता आले असते.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांनी फलज व फड या दोहोंच्या पुढचे पाऊल टाकले. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. उसाला या पाण्यातून मनाई होती.

कायद्याने आलेली जबाबदारी

राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांपैकी एक आहे. महाराष्ट्राने २००० सालापासून ‘मागणीप्रमाणे योजना’ हे धोरण स्वीकारले. गावाने ठराव करून योजना मागायची, खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून द्यायचा आणि पुढे योजना स्वतः चालवायची. २००३ पासून जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात हेच सूत्र होते. त्यात गावपातळीवर महिलांची समिती आणि सामाजिक लेखापरीक्षण यांनाही स्थान देण्यात आले.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज किमान ५५ लिटर शुद्ध पाणी हे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी प्रत्येक गावात ग्रामपंचायतीची उपसमिती म्हणून ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावी, तिच्यात किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि तिने गावाचा कृती आराखडा तयार करून ग्रामसभेची मंजुरी घ्यावी, अशी अपेक्षा आहे. आराखड्यात चार गोष्टी येतात : उद्भवाची शाश्वती, पुरवठ्याची रचना, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि देखभाल. गावांतर्गत कामाच्या खर्चाची १० टक्के, तर डोंगरी, वनक्षेत्रातील वा बहुसंख्य अनुसूचित जाती-जमातींच्या गावांत ५ टक्के लोकवर्गणी रोख अथवा श्रमाच्या रूपाने घेतली जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पंचायत निधीतील बंधित हिस्साही पाणी व स्वच्छता यांसाठीच राखलेला होता. अधिकार, समिती आणि पैसा या तिन्ही गोष्टी कागदावर गावाच्या हाती आल्या आहेत.

पुरेसे पाणी : आकडे काय सांगतात

दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे दररोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. वर्षाला ते सुमारे ४ कोटी लिटर, म्हणजे ४० हजार घनमीटर होते. या गावाचे शिवार एक हजार हेक्टर आहे आणि तेथे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर शिवारावर वर्षाला ४० लाख घनमीटर पाणी पडते. पिण्याची व घरगुती वापराची गरज त्याच्या एक टक्का आहे. दुसरीकडे, एक हेक्टर उसाला वर्षभरात सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे अवघा दोन हेक्टर ऊस त्या संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याइतके पाणी घेतो.

या हिशेबातून उन्हाळ्यातील टँकरचे कारण कळते. बहुतेक गावांत पिण्यापुरते पाणी पडतच नाही असे नसते. ते पिण्यासाठी राखले जात नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. साठा थोडा असतो आणि तो शेजारच्या विहिरींशी जोडलेला असतो. गावाच्या उद्भव विहिरीजवळ कोणी खोल विंधन विहीर घेतली तर मार्च महिन्यात नळ कोरडे पडतात. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरचा २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम २०१४ पासून अमलात आला. तथापि आपल्याच भावकीतील माणसाचे विंधन यंत्र शिवारात येते तेव्हा ते थांबवण्याचे बळ कायद्याच्या कलमापेक्षा ग्रामसभेच्या ठरावातून येते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे या बळाचे सर्वपरिचित उदाहरण. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले. चराई व वृक्षतोड बंद करणे, डोंगरउतारावर चर खणणे, ओढ्यांवर बंधारे घालणे ही कामे झाली. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे होते ते गावाने घातलेले निर्बंध : शेतीसाठी विंधन विहीर नाही, ऊस व केळी नाही. दरवर्षी पावसाची व विहिरींच्या पातळीची नोंद घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढले जाते आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरते. पाऊस कमी झाला तर गव्हाचे क्षेत्र कमी होते. फलजाखालची हंगामी शेते आखडतात, त्यातलाच हा प्रकार.

सुरक्षित पाणी : रोजचे छोटे काम

पाणी पुरेसे असले तरी ते निर्धोक असेलच असे नाही. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय जंतू आढळता कामा नये, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि फ्लोराइड शक्यतो १ मिलिग्रॅमच्या आत असावे, पर्यायी स्रोत नसल्यास कमाल दीड मिलिग्रॅम. रासायनिक खतांचा आणि उघड्या सांडपाण्याचा निचरा विहिरीत उतरला की नायट्रेट वाढते. तान्ह्या मुलांना त्याचा धोका सर्वाधिक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडमुळे दात व हाडे यांचे विकार आढळतात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारट आहे. बातिना किनाऱ्यावर खारेपणा समुद्रातून येतो, येथे तो भूगर्भातील जुन्या गाळातून येतो. दोन्ही ठिकाणी विहीर अधिक खोल करणे हा उपाय ठरत नाही.

जंतूंच्या बाबतीत मात्र उपाय स्वस्त व गावाच्या हातात आहे. हजार लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर लागते. वर उल्लेखिलेल्या दोन हजारांच्या गावाला रोज जेमतेम अर्धा किलोच्या वर. पावडर ओलसर जागी पडून राहिली तर तिच्यातील क्लोरीन उडून जाते, म्हणून पोती किती जुनी आहेत हे पाहावे लागते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे आणि ते ओटी चाचणीने दोन मिनिटांत पाहता येते. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे. ज्या हातांनी घरात पाणी भरले जाते त्यांनाच ते तपासता यावे, हा त्यामागचा विचार.

योजना कोठे अडतात

नवी टाकी, नवी जलवाहिनी आणि उद्घाटनाचा फलक असूनही काही वर्षांत योजना बंद पडते, तेव्हा बहुधा तीनपैकी एक कारण असते. पहिले, उद्भवाचा विचार न करता रचना झालेली असते. टाकी दोन लाख लिटरची आणि विहीर उन्हाळ्यात वीस हजारांची. दुसरे, पाणीपट्टी थकते. वीजबिल भरले जात नाही, पंपाची जोडणी तोडली जाते आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधनही रखडते. तिसरे, समिती केवळ नावापुरती असते. सदस्य स्त्रियांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात आणि उंचावरील वस्तीला पाणी चढत नाही ही तक्रार सभेत पोहोचतच नाही.

यांतील दुसऱ्या कारणावर फलजाचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. तेथे देखभालीचा पैसा पाण्याच्या वाटणीतूनच नियमितपणे उभा राहतो आणि त्याचा हिशेब गावाला माहीत असतो. पाणीपट्टी किती जमली, वीज व टीसीएल यांवर किती खर्च झाला आणि किती शिल्लक आहे, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिणाऱ्या गावाला थकबाकीदाराच्या दारी जाताना संकोच वाटत नाही.

परदेशस्थ गावकऱ्याने काय विचारावे

आखातात नोकरी करणारी अनेक मराठी माणसे गावाकडे पैसे पाठवतात आणि त्यांतील काही गावाच्या टाकीसाठी किंवा विंधन विहिरीसाठी देणगी देतात. हेतू चांगला असतो. परंतु आधीच आटत चाललेल्या शिवारात आणखी एक खोल विंधन विहीर घेतली, तर ती बहुधा शेजारच्या वस्तीच्या विहिरीतले पाणी ओढते. देणगी देण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे किंवा पाणी समितीकडे काही साध्या गोष्टी विचारता येतात. गावाचा कृती आराखडा ग्रामसभेत मंजूर झाला आहे काय? उद्भव विहिरीची मे महिन्यातील पातळी गेल्या तीन वर्षांत किती होती? शेवटची रासायनिक तपासणी कधी झाली आणि नायट्रेट व फ्लोराइड किती निघाले? यंदा कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले? पाणीपट्टीची वसुली किती टक्के आहे?

ही माहिती ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावयास हवी आणि ती मागण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे. ती नसेल, तर देणगीचा पहिला उपयोग कशासाठी व्हावा हेही ठरते : विहिरीच्या पातळीची नोंदवही, पर्जन्यमापक, तपासणी संच, उद्भवाच्या वरच्या अंगाला पाणी मुरवणारे चर किंवा नाल्यातील गाळ काढणे. ही कामे थोड्या पैशांत होतात. मात्र त्यांच्यावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावता येत नाही, म्हणून ती सहसा मागे राहतात.

अल खौदच्या धरणात वर्षातील बहुतेक दिवस पाणी दिसत नाही. धरण काम करते आहे की नाही, हे पाहण्यासाठी खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी मोजावी लागते. गावच्या पाणी योजनेचेही तसेच आहे. टाकीच्या उंचीवरून तिची पारख होत नाही. मे महिन्यात, टेकाडावरच्या शेवटच्या घरात, नळाखाली धरलेला हंडा भरतो की नाही आणि त्यातले पाणी चाचणीत उतरते की नाही, यावरूनच ती होते.